दिसलेले आणि दिलेले : जावास्क्रिप्टमधला स्कोप आणि आर्ग्युमेंट

एक साधे फंक्शन घेऊ. नाव ‘बिल’. त्याला दोन गोष्टी दिल्या जातात, किंमत आणि नग. ते दोन्हींचा गुणाकार करते, त्यावर ‘करदर’ लावते आणि आलेली रक्कम परत देते. काम चार ओळींचे. पण या चार ओळींत जी तीन नावे आहेत, ती तिन्ही एका वाटेने आलेली नाहीत. किंमत आणि नग बोलावणाऱ्याने दिले. करदर कुणीच दिलेला नाही. तो फंक्शनच्या बाहेर, फाइलमध्ये वर कुठेतरी लिहिलेला आहे आणि फंक्शनला तिथून दिसतो. या पुस्तकाचा विषय एवढाच: फंक्शनला काय दिसते आणि फंक्शनला काय दिले जाते. पहिल्याला स्कोप म्हणतात, दुसऱ्याला आर्ग्युमेंट.

शिकवताना हे दोन विषय सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात आणि मध्ये बरीच पाने जातात. इथे ते मुद्दाम एकत्र घेतले आहेत, कारण मुळातला प्रश्न एकच आहे: कोडमध्ये एखादे नाव वाचले, तर त्यामागचे मूल्य शोधायला जायचे कुठे? दिसलेल्या नावाचे उत्तर फंक्शन कुठे लिहिले आहे यावर ठरते. दिलेल्या नावाचे उत्तर फंक्शन कुठून बोलावले यावर ठरते. लिहिण्याची जागा एकच असते, बोलावण्याच्या जागा कितीही. हा फरक पक्का झाला की ज्याला लोक जावास्क्रिप्टचा विक्षिप्तपणा म्हणतात त्यातला मोठा भाग सरळ वाटू लागतो. ‘धिस’ नावाची तिसरी एक वाट आहे, ती या पुस्तकात नाही. तिचे नियम निराळे आहेत, आणि तिच्यापासून सुरुवात करणारा पहिल्या दोन वाटा नीट शिकतच नाही, असे मी पाहत आले आहे.

प्रस्तावनेत कोड छापलेला नाही, तो पुढच्या प्रकरणांत आहे. इथे तो बोलून सांगते.

आधी दिसण्याचे. वाड्यात चार बिऱ्हाडे असली तर बहुतेक घरांत एखादा दादा असतो. घरात ‘दादा’ अशी हाक गेली की त्या घरातला दादा ओ देतो. घरात दादा नसेल तर वाडा ज्याला दादा म्हणतो तो येतो. जावास्क्रिप्ट नाव असेच शोधते. आधी फंक्शनच्या आत, तिथे नसेल तर ते फंक्शन ज्याच्या पोटात लिहिले आहे तिथे, मग त्याच्याही बाहेर, आणि शेवटी ग्लोबल. पहिल्यांदा सापडले की शोध संपला.

यातला ‘बाहेर’ नीट समजून घ्यायचा. तो लिखाणातला बाहेर आहे. बिल हे फंक्शन दुसऱ्या एखाद्या फंक्शनने बोलावले आणि त्या दुसऱ्याच्या पोटात स्वतःचा वेगळा करदर असला, तरी बिलाला त्याचा पत्ता नसतो. बिल जिथे लिहिले तिथून जो करदर दिसतो, तोच लागतो. हे आज स्वाभाविक वाटते, पण नेहमीच असे नव्हते. सुरुवातीच्या लिस्पमध्ये उलटा कारभार होता, बोलावणाऱ्याची नावे बोलावलेल्याला दिसत. लिनक्सवर काम करणाऱ्यांना बॅशमध्ये ते आजही पाहता येईल: एका फंक्शनमध्ये ‘लोकल’ म्हणून ठेवलेले व्हेरिएबल त्या फंक्शनने बोलावलेल्या दुसऱ्या फंक्शनला दिसते, आणि बदलताही येते. अशा व्यवस्थेत एकटे फंक्शन वाचून त्याचा अर्थ लागत नाही, त्याला बोलावणारे सगळे धुंडाळावे लागतात.

जावास्क्रिप्टने चांगली बाजू घेतली याचे श्रेय १९७५ साली एमआयटीत ससमन आणि स्टील यांनी केलेल्या स्कीम या भाषेला जाते. ब्रेंडन आइक १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये आले ते ब्राउझरमध्ये स्कीम आणायचे या बोलीवर. वरिष्ठांना मात्र जावासारखी दिसणारी भाषा हवी होती. मे १९९५ मध्ये दहा दिवसांत पहिला नमुना उभा राहिला. त्याचे नाव मोका होते, डिसेंबरपर्यंत ते जावास्क्रिप्ट झाले. दिसायला जावा, आणि फंक्शनला आकड्यासारखेच एक मूल्य मानण्याची रीत स्कीमची. एकात एक फंक्शन लिहिण्याची सोय अगदी पहिल्या आवृत्तीत नव्हती. ती मागाहून आली आणि १९९९ च्या तिसऱ्या मानक आवृत्तीत पक्की झाली.

जावासारखे दिसण्याचाच पुढे घोळ झाला. जावात महिरपी कंस उघडला की नवी हद्द सुरू होते आणि बंद झाला की संपते. जावास्क्रिप्टमध्येही तेच कंस होते, पण ‘व्हार’ने केलेले व्हेरिएबल त्यांना जुमानत नसे. त्याची हद्द आख्ख्या फंक्शनची. ‘इफ’च्या कंसात ‘सवलत’ नावाचे व्हेरिएबल केले तर ते कंसाबाहेरही जिवंत, आणि कंसाच्या आधीही जिवंत, फक्त अनडिफाइन्ड. कारण फंक्शन चालू होताना त्यातली सगळी व्हारची नावे आधी नोंदली जातात, मूल्य मात्र ओळ गाठल्यावर मिळते. यालाच हॉइस्टिंग म्हणतात. घोषित फंक्शनची तर नोंद पूर्ण होते, म्हणून ते फाइलमध्ये खाली लिहून वर बोलावता येते. ही सोय खरोखर उपयोगी आहे: मुख्य काम वर, किरकोळ कामे खाली, असे वाचायला सोपे लिहिता येते. व्हारचे हॉइस्टिंग ही मात्र कुणी आखलेली गोष्ट नव्हती. फंक्शन वर उचलण्याच्या सोयीबरोबर आणि घाईत ते आपसूक आले, असे खुद्द आइक यांनी नंतर सांगितले आहे. तरी आपल्याकडे नव्या उमेदवाराला मुलाखतीत पहिला प्रश्न हॉइस्टिंगवरच येतो, आणि ‘व्हेरिएबल वर जाते’ हे ठरीव उत्तर चालून जाते. वर काहीही जात नाही. नोंद आधी होते, एवढेच.

आता एक प्रयोग जवळून पाहू, कारण स्कोप आणि आर्ग्युमेंट एकमेकांत कसे गुंतले आहेत ते त्यात दिसते. व्हारने एक लूप लिहा, ‘आय’ शून्यापासून दोनपर्यंत. प्रत्येक फेरीत सेटटाइमआउटला एक छोटे फंक्शन द्या, जे सेकंदाभराने आय छापेल. अपेक्षा ०, १, २ अशी. छापले जाते ३, ३, ३.

फंक्शने तीन झाली, पण आय एकच होता. तिन्ही फंक्शनांनी त्याचे त्या क्षणीचे मूल्य घेतलेले नाही, त्यांना तो आय नुसता दिसतो आहे. सेकंदाने ती जागी झाली तेव्हा लूप कधीच संपला होता आणि आय तीनवर पोहोचला होता. तिघांनी एकाच जागी पाहिले, तिघांना एकच आकडा दिसला. फंक्शन आपल्या जन्मस्थळाची नावे सोबत धरून ठेवते, याला क्लोजर म्हणतात. क्लोजर मूल्य धरत नाही, व्हेरिएबल धरते. पुस्तकातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

२०१५ च्या आधी यावर उपाय काय होता? फेरीच्या पोटात एक फंक्शन लिहायचे, लिहिल्या जागी लगेच बोलावायचे आणि आय त्याला आर्ग्युमेंट म्हणून द्यायचा. आर्ग्युमेंट घेणारे नाव, म्हणजे पॅरामीटर, हे फंक्शनच्या आतले नवेकोरे व्हेरिएबल असते आणि दर बोलावण्याला नवे जन्मते. तीन बोलावणी, तीन व्हेरिएबले, म्हणून ०, १, २. दिसण्याची अडचण देण्याने सुटली. या लिहून-लगेच-बोलावण्याच्या पद्धतीला २०१० मध्ये बेन ऑलमन यांनी नाव सुचवले आणि ‘इफी’ या लघुरूपाने ते रूढ झाले. त्या काळातल्या लायब्रऱ्या उघडा, आख्खी फाइल एका इफीत गुंडाळलेली दिसेल. आज व्हारच्या जागी ‘लेट’ लिहिले की काम होते, कारण लेट लूपच्या प्रत्येक फेरीला नवे व्हेरिएबल देते. बरेच जण लेट वापरतात आणि ते का चालते हे त्यांना सांगता येत नाही. ज्याने इफी एकदा हाताने लिहिले त्याला ते सांगता येते, म्हणून पुस्तकात जुनी पद्धत गाळलेली नाही.

ग्लोबलबद्दल थोडक्यात. व्हार, लेट काही न लिहिता नुसते ‘एकूण बरोबर शून्य’ असे फंक्शनमध्ये लिहिले, तर जुन्या रीतीत ते व्हेरिएबल गुपचूप ग्लोबल होते. २००९ च्या पाचव्या आवृत्तीत स्ट्रिक्ट मोड आला, तेव्हापासून त्या मोडमध्ये तिथेच एरर येतो. मॉड्यूल आणि क्लास यांत स्ट्रिक्ट मोड आपोआप असतो, जुन्या स्क्रिप्टमध्ये तो मागावा लागतो. ब्राउझरच्या साध्या स्क्रिप्टमध्ये सगळ्यांत वर व्हारने इंग्रजी स्पेलिंगचे ‘नेम’ असे व्हेरिएबल करून त्यात पाच हा आकडा ठेवा, मग त्याचा प्रकार विचारा. उत्तर येते स्ट्रिंग! कारण त्या नावाची जागा विंडो या ब्राउझरच्या ग्लोबल ऑब्जेक्टने आधीच अडवलेली आहे आणि तिथे ठेवलेली गोष्ट मजकुरात बदलते.

मग व्हार आणि ही जुनी रीत काढून का टाकत नाहीत? कारण वेबवरचे जुने पान मोडायचे नाही हा या भाषेचा सगळ्यांत कडक नियम आहे. २०१८ मध्ये यादी सपाट करणारी ‘फ्लॅटन’ नावाची सोय भाषेत आणायची होती. मूटूल्स या जुन्या लायब्ररीने तेच नाव आपल्या परीने आधीच जोडलेले होते, आणि नवे आणल्यास जुन्या साइट बिघडतात असे चाचणीत दिसले. शेवटी भाषेने माघार घेतली आणि नाव ‘फ्लॅट’ ठेवले. त्यामुळे व्हार जाणार नाही. ते वाचता आले पाहिजे, नव्याने लिहायचे कारण नाही.

लेट आणि कॉन्स्ट जून २०१५ मध्ये आले. यांना कंस कळतात. दोन गैरसमज मात्र सोबत आले. पहिला, यांचे हॉइस्टिंग होत नाही. नोंद यांचीही आधीच होते, फक्त घोषणेची ओळ येईपर्यंत हात लावायला मनाई असते. बाहेर करदर आहे, आणि बिलाच्या आत शेवटच्या ओळीला लेटने दुसरा करदर केला आहे. बिलाच्या पहिल्या ओळीत करदर वापरला तर बाहेरचा मिळत नाही, एरर येतो. आतला दादा घरात आहे, अजून उठलेला नाही, पण म्हणून वाड्याचा दादा येत नाही. दुसरा गैरसमज, कॉन्स्ट म्हणजे बदल नाही. कॉन्स्टने नाव बांधले जाते, माल नाही. कॉन्स्ट यादीत नवी नोंद खुशाल घालता येते, त्या नावाला दुसरी यादी लावता येत नाही.

आता देण्याचे. जावास्क्रिप्ट आर्ग्युमेंट मोजत नाही. बिलाला फक्त १०० ही किंमत दिली आणि नग विसरला, तर तक्रार होत नाही. नग अनडिफाइन्ड होतो, गुणाकार नॅन, म्हणजे ‘आकडा नाही’, होतो आणि ग्राहकाच्या पानावर रुपयाच्या चिन्हापुढे त्याचीच तीन इंग्रजी अक्षरे झळकतात. जास्तीचे दिले तर तेही मुकाट चालते. या ढिलेपणाला काळाची पार्श्वभूमी आहे: एरर पकडायची ट्राय-कॅच ही सोयच मानकात १९९९ मध्ये आली. त्याआधी चुकले तरी पान चालू राहिलेले बरे, असा एकंदर कल होता.

जास्तीचे आर्ग्युमेंट निरुपद्रवी नसते. ‘१०’ हा मजकूर तीनदा असलेली यादी घ्या आणि मॅपला थेट पार्सइंट हे मजकुराचा आकडा करणारे फंक्शन द्या. तीनदा दहा यायला हवेत. येतात १०, नॅन, २. मॅप आपल्या फंक्शनला तीन गोष्टी देतो: मूल्य, त्याचा क्रमांक आणि आख्खी यादी. पार्सइंट दोन घेते: मजकूर आणि अंकांचा पाया. म्हणजे क्रमांक पाया म्हणून जातो. पहिल्याला पाया शून्य, तो न दिल्यासारखाच, म्हणून दहा. दुसऱ्याला पाया एक, असा पाया नसतोच, म्हणून नॅन. तिसऱ्याला पाया दोन, आणि द्विमानात १० म्हणजे दोन. यात पार्सइंटचा दोष नाही आणि मॅपचाही नाही. फंक्शन दुसऱ्याच्या हाती सोपवले की त्याला काय दिले जाईल हे आपण ठरवत नाही, हे विसरल्याचा दोष आहे.

न दिलेल्या आर्ग्युमेंटसाठी २०१५ पासून डिफॉल्ट ठेवता येतो. नग न दिल्यास एक, असे लिहिले की झाले. पण ‘न दिलेला’ याचा अर्थ जावास्क्रिप्ट अनडिफाइन्ड एवढाच घेते. नल दिला तर डिफॉल्ट लागत नाही. आणि सर्व्हरकडून जेसनमध्ये येतो तो नलच, कारण जेसनमध्ये अनडिफाइन्ड ही गोष्टच नाही. शंभर गुणिले नल म्हणजे शून्य. बिल शून्य रुपयांचे होते आणि एररही येत नाही. माझ्या मते हा नॅनपेक्षा वाईट प्रकार, कारण नॅन निदान डोळ्यांत खुपतो. डिफॉल्टचे हिशेब प्रत्येक बोलावण्याला नव्याने होतात. पायथनमधून आलेल्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे, तिथे ते फंक्शन घडताना एकदाच होतात.

आर्ग्युमेंट्स नावाचा जुना ऑब्जेक्ट तुम्हाला जुन्या कोडमध्ये भेटेल. दिलेले सगळे त्यात असते, पण ती खरी यादी नाही, आणि स्ट्रिक्ट मोडबाहेर त्याची पॅरामीटरशी छुपी जोडी असते: नग बदलला की त्यातला नगही बदलतो. नव्या कोडमध्ये तीन टिंबांचा रेस्ट पॅरामीटर वापरा आणि पुढे चला.

ऑब्जेक्ट देण्याबद्दल मात्र सावकाश वाचावे लागेल. ‘ऑब्जेक्ट रेफरन्सने जातो’ हे वाक्य सर्रास म्हटले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. ग्राहक हा ऑब्जेक्ट फंक्शनला द्या. फंक्शनने ग्राहकाचे शहर सातारा केले, तर बाहेरही सातारा दिसतो. फंक्शनने ग्राहक या नावाला दुसराच ऑब्जेक्ट लावला, तर बाहेर काही बदलत नाही. कारण वर इफीच्या वेळी पाहिलेलेच आहे: पॅरामीटर हे नवे व्हेरिएबल. नाव नवे, ऑब्जेक्ट तोच. बार्बरा लिस्कॉव्ह यांच्या सीएलयू या १९७० च्या दशकातल्या भाषेत या पद्धतीला ‘कॉल बाय शेअरिंग’ म्हटले होते आणि मला तेच वर्णन नेमके वाटते. याचा रोजचा फटका सॉर्टमध्ये बसतो. दिलेली यादी फंक्शनने क्रमाने लावून छापली आणि बोलावणाऱ्याची मूळ यादीच उलटसुलट झाली. २०२३ च्या आवृत्तीत ‘टूसॉर्टेड’ आले, ते नवी यादी देते आणि जुनीला हात लावत नाही.

मराठी वाचकासाठी एक जादा गोष्ट. या पुस्तकातल्या उदाहरणांत किंमत, नग, करदर ही नावे देवनागरीत आहेत आणि ती तशीच चालतात. काना-मात्रा-अनुस्वारासकट नाव ठेवता येते. मूल्यातले अंक मात्र इंग्रजीच लागतात. या प्रस्तावनेत मी ते देवनागरीत छापते आहे, कोडमध्ये तसे चालणार नाही, आणि देवनागरी १० पार्सइंटला दिले तर नॅन मिळेल. यात एक खास आपला सापळा आहे. ‘शेतकऱ्याचेनाव’ असे व्हेरिएबल केले, तर त्यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि जोडणारे अदृश्य चिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखे. जावास्क्रिप्ट अक्षरांमागचे संकेतांक जुळवते, रूप नाही. त्यामुळे वर एका कीबोर्डने लिहिलेले नाव खाली दुसऱ्या कीबोर्डने लिहिले की ‘असे व्हेरिएबल नाही’ असा एरर येतो आणि डोळ्यांना काही चुकीचे दिसत नाही. उदाहरणांतून असे जोडाक्षर आम्ही टाळले आहे. तुम्हीही टाळा.

माझा कल सांगून ठेवते: जे देता येते ते द्यावे, दिसण्यावर कमीत कमी भिस्त ठेवावी. बिलाला करदरही आर्ग्युमेंट म्हणून दिला असता तर ते फंक्शन कुठेही उचलून नेता आले असते आणि त्याची चाचणी एका ओळीत झाली असती. मात्र सगळेच देत बसलात तर दहा-दहा पॅरामीटरची फंक्शने होतात आणि क्रम चुकतो. एवढी मोठी यादी झाली की एक ऑब्जेक्ट द्यावा. कधी काय, याची चर्चा शेवटच्या प्रकरणात आहे आणि तिथे माझ्याशी असहमत होण्यास भरपूर जागा आहे.

वाचताना प्रत्येक उदाहरणाचे उत्तर आधी कागदावर लिहा, मग ते चालवून पाहा. चालवायचे ते फाइलमध्ये, एचटीएमएल पानाला जोडून. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये नको. क्रोमच्या कन्सोलमध्ये २०२० पासून तेच नाव लेटने पुन्हा घोषित करता येते. फाइलमध्ये तसे केले तर ती स्क्रिप्ट सुरूच होत नाही.